चौदाव्या ओळीतली तूर

हैदराबादला मी सरकारी शेतात कामाला लागलो, हे आईनं गावभर सांगितलं होतं. पण तिथं मी नेमकं करतो काय, हे तिला कधी नीट पटलं नाही. सुट्टीला गेलो की ती विचारायची.

"तुरीचा रोग सांभाळतो," मी सांगायचो.

"सांभाळतो? घालवतोस ना?"

"आधी सांभाळायचा, मग घालवायचा."

ती शेजारणीकडं बघून म्हणायची, "शहरात राहून असलं बोलायला शिकलाय."

तिचं चुकत नव्हतं. तुरीला मर लागते हे आमच्या उदगीरकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. फुलोऱ्यात आलेलं, खांद्याएवढं झाड एकाएकी माना टाकतं. जमिनीत ओल असते, पण झाड तहानेनं मेल्यासारखं जागच्या जागी वाळतं. गावाकडं असं झाड उपटून बांधावर फेकायचं, एवढंच औषध. आमच्या शेतावर उलटं होतं. मेलेल्या तुरीचे बुडखे आम्ही विळ्यानं बारीक करून त्याच जमिनीत पुरायचो आणि दरसाल तिथंच पुन्हा तूर पेरायचो. त्या तुकड्याला सगळे 'बीमार प्लाट' म्हणत. पहिल्या वर्षी ते बुडखे पुरताना माझा हात धजत नव्हता. आपण काहीतरी पाप करतोय असं वाटायचं.

साहेबांनी तेव्हा समजावलं होतं. "चांगल्या जमिनीत कोणीबी जगतंय की. मला ह्या जमिनीत जगणारी पाहिजे."

साहेब गुलबर्ग्याकडचे. घरी कानडी, ऑफिसात इंग्रजी, आमच्याशी कधी मोडकी मराठी, कधी दखनी. गावोगावची तूर गोळा करून ते त्या आजारी जमिनीत ओळीनं पेरत. मध्ये मध्ये एक ओळ अशा वाणाची, जे हमखास मरतं. ती ओळ मेली म्हणजे जमिनीत रोग जिवंत आहे, आणि मग शेजारची जगली तर तिचं जगणं खरं. चौकीदार चाचांनी त्या मरणाऱ्या ओळीला नाव ठेवलं होतं 'गवाह'. म्हणायचे, "क्या इन्साफ है! गवाह कू पानी दे दे के मारते, और जो बच गया उस कू इनाम."

माझं काम मोजायचं. उगवली किती, हे आधी लिहून ठेवायचं. मग दर आठ दिवसांनी ओळीतून चालायचं. जे झाड वाळलं त्याच्या बुडाशी लाल टोकाची बांबूची काडी रोवायची, म्हणजे पुढच्या खेपेला ते दोनदा मोजलं जात नाही. आकडा वहीत लिहायचा. झाडाला हात लावायचा नाही. मेलेलं झाड उभंच राहिलं पाहिजे, कारण साहेब येऊन त्याचं खोड चाकूनं उभं चिरत. सालीखाली काळपट रेघ वर चढलेली दिसली तरच ती मर, नाहीतर दुसरं काही. हिवाळ्यात गव्हाच्या तुकड्यात आणखी एक काम असायचं. काचेच्या पट्टीला व्हॅसलिन लावून ती खांबावर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दुर्बिणीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, बघायची. तांबेऱ्याचे कण वाऱ्यावर आले का, हे पानावर दिसायच्या आधी तिथं दिसे. पहिल्यांदा साहेबांनी मला त्यात डोळा लावू दिला तेव्हा मी चप्पल काढून उभा राहिलो होतो. चाचा त्यावरून वर्षभर हसत होते.

मी सातवीपर्यंत शिकलेला. आमची शाळा उर्दूची. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत ती बंद पडली आणि पुन्हा उघडली तोवर मी बैलांमागं होतो. पुढं काचीगुड्याच्या स्टेशनात कामाला असलेल्या एका लांबच्या नातेवाइकाचा हात धरून इकडं आलो. त्याच्याच बरकतपुऱ्यातल्या खोलीत एका कोपऱ्यात माझी वळकटी. शेतावर मी रोजंदारीनं बी निवडायला लागलो. एक दिवस पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या बघून साहेबांनी विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" मला वाटलं, चुकलं काहीतरी. मी पुढं झालोच नाही. चाचांनी मागून ढकललं. "इसका है साब. डरपोक है, पन हात मोती के सरीका है."

त्या दिवसापासून वही माझ्याकडं आली. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. पण वहीतले रकाने आणि शेवटच्या रकान्यात लिहायचे आठ-दहा शेरे मी चित्रासारखे पाठ केले होते. 'उगवली नाही', 'पाण्यानं कुजली', 'गुरांनी खाल्ली'. साहेबांचे उपकार मी असे मोजत बसलो तर संपायचे नाहीत. एकदा त्यांनी मला गंधकाची पुडी दिली, घरी ने म्हणाले. आमच्या ज्वारीला दरसाल काणी लागायची. कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी. पेरायच्या आधी आईनं मडक्यात बी आणि गंधक घालून तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं मांडीवर हलवलं, तान्ह्या पोराला हलवावं तसं. त्या साली आमच्या पट्टीत काणी हुडकून सापडेना. तेव्हापासून गावात माझा शब्द चालू लागला. मी आणलेलं बी म्हणजे सायबाच्या घरचं, डोळे झाकून पेरायचं.

हे मुद्दाम सांगतोय. पुढं जे झालं ते कळायला हे लागतं.

मग ते छप्पन्नचं साल आलं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलुगू जिल्हे एकीकडं, कानडी म्हैसूरकडं, आमचे मराठी मुंबईकडं. वर्तमानपत्रात ते नकाशावर झालं. आमच्याकडं ते कपाटांवर झालं. कुठलं कपाट कुणाचं, दुर्बीण कुणाची, टाइपरायटर कुणाचा. कायम नोकरांनी फॉर्म भरायचा, कुठल्या राज्यात जाणार म्हणून. आम्ही हंगामी. आम्हाला फॉर्म नव्हता. आमची यादी व्हायची होती. ज्यांचं काम चोख आणि वहीत काही वावगं नाही त्यांना नव्या सरकारात कायम करणार आणि बाकीच्यांना घरी पाठवणार, असं ऐकू येत होतं. मी रोज कुणाला ना कुणाला विचारायचो, यादी निघाली का.

चाचांचंही नाव त्या यादीत लागायचं होतं. पन्नाशी उलटलेला माणूस. फाटकाशेजारी झोपडी, झोपडीपुढं एक म्हैस. अकरा वर्षं राखण केली होती, पण हंगामी ते हंगामीच. "कायम हुआ तो मरने के बाद बुढ्ढी कू कुछ तो मिलेगा," म्हणायचे. मी घाबरलेला दिसलो की माझी टर उडवायचे.

"क्यों रे उदगीर, रात कू नींद आई?" माझं नाव ते कधी घेत नसत, गावाच्या नावानंच हाक.

"चाचा, यादी..."

"यादी-यादी. मेरी भैंस का फारम भी भर दे. बोल, ये तेलंगाने की है, किधर नै जाती."

साहेबांना म्हैसूरकडं जायचं होतं. जायच्या आधी त्यांना एक गोष्ट करायची होती. इतक्या वर्षांच्या ओळींतून जगणारी तूर निवडून तिचं बी तिन्ही राज्यांना द्यायचं. मोजण्यांच्या वह्यांच्याही तीन प्रती. पण ते रोज शहरात, वाटणीच्या बैठकांना. मलाही कपाटं बांधायला नेत. त्यात मोजणीच्या दोन पाळ्या चुकल्या.

तशात आली येळवस.

मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी सगळं घर शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच खडे चुना लावून मांडायचे, भज्जी, अंबील, बाजरीचे उंडे. अंबील कडुलिंबाच्या डहाळीनं पिकावर शिंपायची. आणि आमच्या घरची एक रीत, आदल्या दिवशी आई कोपीसमोरच्या ओळी साफ करायची. वाळलेलं, किडलेलं एक झाड दिसू द्यायची नाही. "लक्ष्मी बसणार, तिच्यापुढं मेलेलं उभं नको."

त्या वर्षी मी घरी जाऊ शकलो नाही. यादी निघेल आणि आपण नसू, ही भीती. साहेब शहरात होते. सकाळी सायकलीच्या हँडलला भज्जीचा डबा अडकवून मी शेतावर आलो. अंबिलीला ताक हवं होतं. चाचांनी म्हशीचं ताक लोटाभर दिलं. शेताच्या कडेला लिंबाखाली मी चार पेंढ्यांची कोप केली. समोर प्लाटाची शेवटची ओळ होती, चौदावी. उदगीरच्याच बाजूच्या कुठल्याशा गावातून आणलेली तूर.

तिच्यात वाळकी झाडं उभी होती.

मी काय केलं ते मला आजही पायरी-पायरीनं आठवतं, आणि त्यात कुठंही मी विचार केला असं आठवत नाही. खाली वाकलो. एक उपटलं. मग दुसरं. काड्या काढून बाजूला ठेवल्या. वीस झाडं निघाली. खड्डे पायानं दाबून वरून हात फिरवला, आई फिरवते तसा. ओळ अशी छान दिसू लागली, हिरवी, शेंगांनी भरलेली! मग खडे मांडले, अंबील शिंपली. घरी कोपीभोवती ओरडत फिरतात. मी एकटा काय ओरडणार, नुसता पाच वेळा फिरलो.

चाचा आले, मांडी घालून जेवले. "ये खट्टा शोरबा अच्छा है रे. हर महिने कर." जाताना बांधावरच्या वाळक्या तुराट्या बघून विचारलं, "ये ले जाऊँ? चूल्हे कू." मी म्हणालो, न्या.

चार दिवसांनी साहेब आले. हातात माझी वही. पहिल्या ओळीपासून चालत निघाले, मी मागं. दोन-तीन ओळी गेल्या आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चौदाव्या ओळीत वहीप्रमाणं मेलेली तीन. चुकलेल्या पाळ्यांत वाळलेली सतरा कुठंच लिहिलेली नव्हती. आणि झाडं तर आता नव्हतीच. चुलीत गेली होती. अकरा, बारा, तेरा. 

साहेब थांबले. "इथं साठ होती ना? ही मधली कुठं गेली?"

खरं सांगायला किती वेळ लागतो? "साहेब, मी उपटली," तीन शब्द. माझ्या तोंडून निघालं, "गुरं शिरली असतील."

"बुडखे?"

"मी काढून टाकले साहेब. घाण दिसत होती."

त्यांना घाई होती. शहरातून आलेली जीप थांबली होती. "मग ती सतरा धरू नको. गुरांनी खाल्ली असं लिही." मी लिहिलं. त्रेचाळीसपैकी तीन मेलेली. साहेब त्या आकड्याकडं बघत राहिले आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "ही जगती की रे! तुमच्याकडचीच आहे. तुमच्याकडंच पाठवू."

गुरं म्हणजे कोण? हा प्रश्न मला तेव्हा सुचलाच नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. मैलभरात एकच जनावर होतं, चाचांची म्हैस, आणि तिच्याच ताकाची अंबील मी प्यालो होतो.

दुसऱ्या आठवड्यात हेडक्लार्क यादीसाठी आले. आबिड्सच्या ऑफिसातले, पांढरे बूट घालणारे. वही चाळली, शेऱ्यावर बोट ठेवलं आणि चाचांना बोलावलं.

"यह क्या है? सरकारी तजुर्बे के खेत में भैंस चराते?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी वहीकडं. ते सगळं जाणत होते. झाडं उपटलेली त्यांनी पाहिली होती, जाळलीही होती. एक शब्द बोलले असते तर संपलं असतं.

"हौ साब," चाचा म्हणाले, "रस्सी टूट गई होगी."

"होगी नै, टूटी क्या?"

"टूटी साब."

क्लार्क गेल्यावर मी फाटकाशी गेलो. चाचा म्हशीला पाणी दाखवत होते. "चाचा, तुम्ही बोलला का नाही?"

"मैं बोलूँ? तेरे मुँह में दही जमा था क्या?" पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढला. मग बादली ठेवून म्हणाले, "तेरा इधर कौन है रे? निकाल दिए तो एक कोना है, वो भी दूसरे का. मेरे पास छप्पर तो है." मी रडवेला झालेला बघून वैतागले. "मेरे सामने नक्को रो. भैंस से माफी माँग. उस बेचारी कू झूठा चोर बना दिया तू."

मी म्हणालो, साहेबांना सांगतो. "बोल," ते म्हणाले. एवढंच. मी रोज सकाळी सायकल मारत यायचो ते ठरवूनच, आज सांगायचं. आणि संध्याकाळी काचीगुड्याच्या रेल्वे फाटकापाशी उतरताना उद्याचं ठरवायचो. असा महिना गेला. तूर काढली, ओळीवार पेंढ्या बांधल्या, झोडपली.

बी भरायचा दिवस आला. खळ्यावर तीन पोती, तीन राज्यांची. साहेब स्वतः ओळीओळीतलं निवडक बी वेगळ्या पिशव्यांत घालत होते आणि चिठ्ठ्या मी लिहीत होतो. चौदावीची पिशवी माझ्यापुढं ठेवून ते म्हणाले, "ह्याच्यावर चांगल्या अक्षरात लिही. ही तुझ्या मुलखात जाणार."

मला एकदम आई दिसली, मडकं मांडीवर घेतलेली. हे बी तिकडं जाईल, वाढवतील, वाटतील, सरकारी म्हणून लोक डोळे झाकून पेरतील, आणि फुलोऱ्यात शेतं उभी वाळतील. माझ्या हातून चिठ्ठी लिहवेना.

"साहेब, ही देऊ नका."

"का?"

सांगितलं. येळवस, कोप, आई, लक्ष्मी, वीस झाडं, सगळं एका दमात. साहेब उठले, चौदावीची पेंढी ओढली, बसले आणि खिशातला चाकू काढून एकेक काटकी उभी चिरू लागले. काळी रेघ. पुढची, काळी रेघ. जगलेली म्हणून ज्यांचं बी घेतलं होतं त्यातल्याही निम्म्याहून जास्त काटक्यांत ती रेघ वर चढत आलेली होती. आणखी पंधरा दिवस उभी असती तर तीही गेली असती. चिरायला साहेबांना त्या हंगामात सवडच मिळाली नव्हती. त्यांनी माझ्यावर भिस्त ठेवली होती.

पिशवी त्यांनी खळ्यावरच्या ढिगात रिकामी केली.

"विसरला असतास, मोजायचं चुकला असतास, तरी मी समजलो असतो," ते म्हणाले. "तू कारण तयार केलंस." मग रिकामी पिशवी झटकून, "आता सांगितलंस हे बरं केलं. नाहीतर माझं नाव घेऊन लोकांनी मरणारी तूर पेरली असती."

त्यांनी वही माझ्या हातात दिली. "आकडा दुरुस्त कर. शेरापण. मग तीन प्रती काढ, शनिवारी मी सही करून निघतो. यादी ऑफिसात अजून तशीच आहे. ते शेरेच बघतात, म्हणून नीट लिही. म्हातारा त्यात उगाच अडकलाय." आणि जीपमध्ये बसून गेले.

बी वाचलं होतं. आता फक्त चाचा उरले होते, आणि त्यांच्यासाठी मला एक ओळ लिहायची होती. काय लिहायचं, तेही साहेबांनी कागदाच्या तुकड्यावर इंग्रजीत लिहून दिलं होतं: कामगारानं उपटली. कामगार म्हणजे मी, दुसरा नव्हताच.

बियाणं ठेवायच्या खोलीत खिडकीपाशी बसून मी वही उघडली. आकडा खोडला. तीनच्या जागी वीस. त्रेचाळीसच्या जागी साठ.  मग शेवटचा रकाना. तुकडा समोर ठेवला. दौतीत टाक बुडवला. आणि मनात आलं, बी तर आता जात नाही. आकडा खरा झाला. ज्याला तुरीचं बघायचं त्याला आकडाच लागतो. शेऱ्यानं कुणाची तूर मरणार आहे? मग असंही आलं, की चाचांना छप्पर आहे, हे त्यांनीच म्हटलं होतं. त्यांचेच शब्द मी माझ्यासाठी वापरले. टाकावरची शाई वाळली.

शेरा तसाच राहिला.

पुढचे दोन दिवस मी प्रती काढल्या. एक आंध्राची, एक म्हैसूरची, एक मुंबईची. चौदावी ओळ आली की तिन्ही वेळा मी माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: गुरांनी खाल्ली. एकदा चुकून लिहिलं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवली नाही.

शनिवारी साहेब आले, पानं उलटत सह्या करत गेले. त्या पानावर पेन थोडं थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी खाली बघत होतो. मग सही झाली. मला वाटलं होतं ते रागावतील. तसं झालं असतं तर कदाचित मी तिथंच खोडून लिहिलं असतं. निघताना त्यांनी मला आपला तो चाकू दिला, पितळी मुठीचा. "चिरून बघत जा," म्हणाले. तो शाबासकीनं दिला की कशानं, हे मला अजून ठरवता आलं नाही. पुन्हा आमची भेट नाही.

यादी आली. माझं नाव होतं. चाचांचं नव्हतं.

मला वाटलं होतं चाचा शिव्या देतील. त्यांनी म्हशीच्या दुधाची खीर करून आणली, वाटीभर. "खा. उदगीर पक्का हो गया." मी म्हणालो, "चाचा, मी साहेबांना सांगितलं होतं." हे खरंच होतं, म्हणून तर जास्त वाईट.

"फिर भी नै हुआ?" त्यांनी विचारलं.

"नाही झालं."

"चलो," ते म्हणाले. "तू बोल्या, बस." झोपडी सोडावी लागली. दिलसुखनगरच्या पुढं तेव्हा सगळी शेतंच होती. तिकडं जावयाच्या घरी गेले, म्हशीला दोरीनं धरून चालत. फाटकातून निघताना म्हशीच्या पाठीवर थाप मारून नव्या चौकीदाराला म्हणाले, "सरकारी भैंस है, रिटायर हो रई."

पुढच्या वर्षी येळवशीलाही मी गावी गेलो नाही. दुपारी फाटकाशी चाचा उभे. एवढ्या लांबून चालत आलेले, हातात फडक्यानं तोंड बांधलेला लोटा. "तेरा वो खट्टे शोरबे का दिन है ना? छाछ लाया." आम्ही लिंबाखाली बसलो. समोर चौदावी ओळ, दुसऱ्या कुठल्या तुरीची. तिच्यात पाच-सहा वाळकी झाडं लाल काड्यांसकट उभी होती. चाचा म्हणाले, "इस बार नै निकाला?"

"नाही," मी म्हणालो. "मोजून होईपर्यंत उभी राहू द्यायची."

तेव्हा सांगायला हवं होतं, की साहेबांनी काय लिहायचं तो कागद दिला होता आणि मी लिहिलं नाही. लोटा माझ्या हातात होता. ताक मी प्यालो. चाचा डोळे मिटून लिंबाला टेकले होते, पायांवर धूळ. मी त्यांना सायकलवर मागं बसवून मूसीच्या पुलापर्यंत सोडलं. उतरताना म्हणाले, "डरता कैकू है रे हमेशा? अब तो पक्का है." त्यानंतर आणखी दोन येळवशींना चाचा आले. मग नाही आले.

त्या शेतावर मी पुढं सगळी नोकरी केली. त्या पगारावर बहिणींची लग्नं झाली, दिलसुखनगरला दोन खोल्या झाल्या. नातीला मराठी धड वाचता येत नाही, तेलुगू आणि इंग्रजी फाडफाड. म्हणून हे मराठीत लिहायला धीर येतो, हेही कबूल करतो. नवीन आलेल्या प्रत्येक माणसाला मी पहिल्या दिवशी बीमार प्लाटात नेऊन सांगायचो, मेलेल्या झाडाला हात लावशील तर याद राख. त्यांना वाटायचं, म्हातारा कामात फार कडक आहे.

निवृत्तीच्या आधी एकदा मी आमच्या आंध्राच्या प्रतीचा शोध घेतला. दप्तरखाना दोनदा हलला होता, ती सापडली नाही. बाकीच्या दोन कुठल्या शहरांत, कुठल्या कपाटात, कोण सांगणार. कागद टिकला असेल तर तिन्ही ठिकाणी चौदाव्या ओळीपुढं आकडा बरोबर आहे. साठपैकी वीस. त्याच्यापुढं माझ्या अक्षरात म्हैस अजून खाते आहे.